सफायर की फ्यूज्ड क्वार्ट्झ: सेन्सरपुढच्या खिडकीचा घोळ

भट्टी, बॉयलर, रिअॅक्टर किंवा तेलविहीर अशा ठिकाणी सेन्सरच्या रक्षणासाठी पारदर्शक खिडकी निवडायची वेळ आली की ‘परिस्थिती खडतर आहे ना, मग सफायरच लावा’ हे उत्तर ठरलेले असते. फ्यूज्ड क्वार्ट्झ म्हणजे खर्च झेपत नसेल तर घ्यायची दुय्यम वस्तू, हा समज त्यातूनच पसरला असून तो निखालस चुकीचा आहे.

सफायरचे गुण बहुतेकांना पाठ असतात. अॅल्युमिनियम ऑक्साइडचा हा एकसंध स्फटिक कठीणपणाच्या मोहस मापनावर (कमाल १०, हिऱ्याचा) ९ इतका कठीण असतो, वाळूला आणि धुळीला दाद देत नाही आणि अतिनील किरणांपासून सुमारे ५ मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश जाऊ देतो. एफ-३५ विमानाच्या नाकाखालील लक्ष्यवेधी यंत्रणेची पैलूदार खिडकी सफायरची आहे, ती याच गुणांमुळे. फ्यूज्ड क्वार्ट्झ ही शुद्ध सिलिकाची काच असून तिची मजल ३.५ मायक्रॉनच्या आसपास संपते. सफायरच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे १४ टक्के प्रकाश परावर्तित होतो आणि क्वार्ट्झवरून निम्म्याहून कमी. पण लेप देऊन हा फरक आटोक्यात आणता येतो.

घोळ होतो तो ‘उष्णता सहन करणे’ या शब्दप्रयोगात. तक्त्यात सफायरचा वितळणबिंदू सुमारे २०४० अंश सेल्सिअस दिसतो, क्वार्ट्झ ११०० अंशांच्या पुढे दीर्घकाळ वापरू नये असे लिहिलेले असते, आणि वाचणारा तेवढ्यावरच निकाल देऊन मोकळा होतो. वास्तविक भट्टीवरची खिडकी सहसा वितळत नाही, ती तडकते. सहाशे अंशांवर स्थिरावलेल्या खिडकीच्या चकतीवर कोणी गार हवेचा व्हॉल्व्ह एकदम उघडला, तर तिचा पृष्ठभाग आकसू पाहतो, आतला गाभा मात्र अजून फुगलेलाच असतो. पृष्ठभागावर असा ताण आला की कडेला घासकामात राहिलेला एखादा सूक्ष्म टवकाही भेग सुरू करायला पुरतो. कठीणपणा इथे कामी येत नाही, कारण ओरखडा न उठणे आणि न तडकणे हे दोन वेगळे गुण आहेत.

हा ताण ढोबळमानाने यंग गुणांक (पदार्थाच्या ताठरपणाचे माप), औष्णिक प्रसरण आणि तापमानातील फरक यांच्या गुणाकाराइतका असतो. सफायरचा यंग गुणांक सुमारे ४०० गिगापास्कल आणि प्रसरण अंशामागे दहा लाखांत साडेपाच भाग; क्वार्ट्झचे हेच आकडे ७२ गिगापास्कल आणि दहा लाखांत जेमतेम अर्धा भाग. म्हणजे चकतीतच १०० अंशांचा फरक पडला, तर सफायरमध्ये सुमारे २२० मेगापास्कल ताण येतो आणि क्वार्ट्झमध्ये अवघा ४. सफायर उष्णता वीसेक पटींनी जास्त चांगली वाहून नेतो, त्यामुळे त्याच्यात मुळात एवढा फरक लवकर पडत नाही, हे खरे. पण अचानक पाणी उडाले तर हा फायदा अपुरा ठरतो. शिवाय सफायरची स्फटिकाच्या सी-अक्षाच्या (मुख्य अक्षाच्या) दिशेने दाब सोसण्याची ताकद काही शे अंशांवरच झपाट्याने घसरते, आणि वितळणबिंदूच्या रकान्यात याचा मागमूस नसतो. स्पेस शटलच्या खिडक्यांचे बाहेरचे तावदान फ्यूज्ड सिलिकाचे, म्हणजे याच जातीच्या काचेचे होते, ते काही पैसे वाचवण्यासाठी नव्हे.

म्हणून तापमान झटक्याने वरखाली होणार असेल तर मी क्वार्ट्झच घेईन. घर्षण, दाब किंवा रसायने यांचा प्रश्न असेल तर मात्र सफायरला पर्याय शोधत बसू नये. दुग्धालयात पाइप धुण्यासाठी फिरवलेला गरम कॉस्टिक सोडा सिलिकाला हळूहळू खातो आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल तर तिला वेगाने कोरते. उच्च दाबाच्या बंदिस्त जोडणीतही सफायर सरस, कारण त्याचे प्रसरण कोव्हार या लोखंड-निकेल-कोबाल्ट मिश्रधातूशी बरेचसे जुळते आणि तो धातूच्या चौकटीत ब्रेझिंगने (वितळवलेल्या धातूने सांधून) पक्का बसतो. क्वार्ट्झ आणि स्टीलच्या प्रसरणात एवढी तफावत असते की मध्ये गॅस्केट घालावेच लागते.

थर्मल कॅमेऱ्यापुढे ‘इन्फ्रारेड चालतो’ म्हणून सफायर लावणाऱ्यांचे मला विशेष नवल वाटते. हे कॅमेरे बहुधा ८ ते १४ मायक्रॉनमध्ये पाहतात आणि त्या पट्ट्यात सफायर व क्वार्ट्झ दोन्ही अपारदर्शक असतात, त्यामुळे पडद्यावर दिसते ते खिडकीचेच तापमान. तिथे जर्मेनियम किंवा झिंक सेलेनाइड लागते.

क्वार्ट्झ निवडल्यास ते उघड्या हाताने हाताळू नये. बोटांवरच्या घामातील क्षार काचेवर राहिले, तर हजार अंशांच्या आसपास नेमक्या त्याच जागी सिलिकाचे स्फटिक बनू लागतात आणि खिडकी पांढुरकी पडते. बसवण्यापूर्वी ती अल्कोहोलने पुसून घ्यावी. सफायर घेतल्यास मागणीपत्रात कडा चँफर करून (तिरक्या घासून) पॉलिश केलेल्या असाव्यात, असे स्पष्ट लिहावे.