मोरे (सागरी ईल)

उष्ण कटिबंधातील प्रवाळखडकांच्या कपारींत राहणारा, सापासारख्या लांबट शरीराचा मासा. म्युरिनिडी कुलात त्याच्या सुमारे २०० जाती असून जिम्नोथोरॅक्स जावानिकस ही त्यांतील सर्वांत वजनदार मानली जाते (लांबी ३ मी. पर्यंत, वजन सु. ३० किग्रॅ.). तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधील बेटांपर्यंत तिचा प्रसार आहे. भारतात ती लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांत आढळते.

मराठी आडनावाशी असलेले नामसाम्य केवळ योगायोगाचे होय. हे नाव लॅटिन ‘म्युरीना’वरून पोर्तुगीजमार्गे, बहुधा सतराव्या शतकात, इंग्रजीत आले असावे. मराठीत खरा घोटाळा होतो तो ‘वाम’ या शब्दाने. कोकण किनाऱ्यावर वाम म्हणजे समुद्रातील ईल. पैठण-नांदेडकडे मात्र हा शब्द गोदावरीतील मॅस्टॅसेंबेलस या माशासाठी वापरतात. या गोड्या पाण्यातील वामेच्या पाठीवर पराच्या पुढे सुट्या, टोकदार काट्यांची रांग असते व ती साफ करताना बोटाला लागते. ती खरी ईल नव्हे. तिचा गणही वेगळा आहे. मोरेला असे काटे नसतात, खवले नसतात, छातीचे व पोटाचे परही नसतात; जाड कातडीवर बुळबुळीत स्राव मात्र असतो. त्यामुळे ‘वाम’ हा प्रतिशब्द येथे टाळला आहे.

मोरे तोंडाची सतत उघडझाप करते, ती धमकावण्यासाठी नव्हे, तर कल्ल्यांवरून पाणी खेळवण्यासाठी. बहुतेक मासे तोंड एकदम फुगवून पाण्यासह भक्ष्य ओढून घेतात. मोरेची ही क्षमता क्षीण आहे. रीटा मेहता व पीटर वेनराइट या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की समोरच्या दातांनी भक्ष्य धरल्यावर घशातील जबड्यांची दुसरी जोडी पुढे सरकते आणि त्याला अन्ननलिकेकडे खेचते. अरुंद कपारीतील शिकारीमुळे ही रचना विकसित झाली असावी, हे मत सयुक्तिक वाटते. मोठे भक्ष्य तोडण्यासाठी काही जाती स्वतःच्या शरीराची गाठ मारतात.

शिकार मुख्यतः रात्री चालते. मासे, खेकडे व ऑक्टोपस हे भक्ष्य. तांबड्या समुद्रात ग्रूपर मासा मोरेच्या बिळासमोर डोके हलवून तिला दिवसाही शिकारीस बाहेर काढतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत नोंदले आहे. डिंभ (अंड्यातून बाहेर पडलेली बाल्यावस्था) पारदर्शक, पानासारखे चपटे असून प्रवाहाबरोबर वाहत जातात.

मोठ्या मोरेच्या मांसात सिग्वाटेरा विष साठलेले असू शकते. ते सूक्ष्म शैवलांपासून अन्नसाखळीतून येते व शिजवल्याने नष्ट होत नाही.