माचू पिच्चूच्या फटींमध्ये

धुकं विरून सकाळचं पहिलं ऊन पेरू देशातल्या माचू पिच्चू या इंका लोकांच्या जुन्या वस्तीच्या पायऱ्यांवर उतरलं, की एखाद्या भिंतीच्या माथ्यावर एक करडा गोळा बसलेला दिसतो. डोळे अर्धवट मिटलेले, पुढचे पाय छातीशी घेतलेले आणि खांद्यापलीकडे लोंबणाऱ्या लांबच लांब मिश्या. पाहणाऱ्याला वाटतं ससाच. मग ऊन खाऊन झाल्यावर तो उठतो आणि इतका वेळ अंगाखाली वळून ठेवलेली शेपटी मोकळी करतो. चांगली लांब, वरच्या बाजूने झुपकेदार. अशी शेपटी सशाला कुठली?

हा विस्काचा. उंदीर-खारींच्या, म्हणजे कृंतकांच्या गणातला, चिंचिलाचा सख्खा भाऊबंद. गिनिपिगही त्याच्याच गोतावळ्यात येतो. सशाशी त्याचं नातं फार दूरचं आहे. उघड्यावर गवत खायचं आणि चाहूल लागताच उड्या मारत दडायचं, असं जगणं दोघांच्याही वाट्याला आलं. म्हणून लांब कान आणि दणकट मागचे पाय दोघांकडेही आले, पण वेगवेगळ्या वाटांनी. उत्क्रांती समजावून सांगायला मला याहून गोड उदाहरण सापडलेलं नाही.

विस्काचाचं वजन दीड किलोच्या आसपास. मादी साधारण १४० दिवस गाभण असते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. एवढ्याशा जनावराला हा काळ फारच मोठा, पण पिल्लू जन्मतं तेच अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन. अँडीज पर्वतातल्या थंडीत, कड्याच्या कपारीत जन्मायचं तर एवढी तयारी हवीच. कळपातल्या एकाला घार-गरुडाची सावली जरी दिसली, तरी तो बारीक शीळ घालतो आणि क्षणात सगळे दगडांत गडप होतात.

हे दगड मात्र त्याला आयते लागतात. बीळ खोदायला त्याचे पंजे फारसे कामाचे नाहीत. तो राहतो खडकांच्या भेगांत, तेही सहसा ३,००० मीटरच्या वर, उघड्या कडेकपारींत. माचू पिच्चू आहे २,४३० मीटरवर, दमट जंगलाच्या मधोमध. तरी तो इथे सुखाने नांदतो. माझ्या मते याचं उत्तर इंकांच्या बांधकामात आणि त्याच्याही खाली, डोंगरात आहे.

माचू पिच्चू म्हणजे इंकांच्या क्वेचुआ भाषेत ‘जुना डोंगर’. इंका सम्राट पाचाकुतीच्या काळात, पंधराव्या शतकाच्या मध्यावर, इथे काम सुरू झालं. ब्राझीलचे भूशास्त्रज्ञ रुआल्दो मेनेगात यांनी २०१९ साली दाखवून दिलं, की ही वस्ती भूस्तरातले तडे जिथे एकमेकांना छेदतात नेमक्या तिथे उभी आहे. ग्रॅनाइट आधीच फुटलेला असल्यामुळे गवंड्यांना दगड जागच्या जागी मिळाला. खाणही वस्तीतच आहे. वर्षाला जवळपास २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचं पाणीही या भेगांतून निचरून जातं. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत इंकांनी वर माती, तिच्याखाली वाळू-खडी आणि तळाला मोठे दगड भरले होते. मंदिरांच्या भिंतींत चुना नाही की गारा नाही, नुसता दगडावर दगड. तिथे सुरीचं पातं शिरत नाही, पण शेतांच्या बांधांचं काम तुलनेने ओबडधोबड आहे. शतकानुशतकांत एखादा चिपेचा दगड निखळला की विस्काचाला खोली तयार. दाराशी गवत आहे आणि ऊन खायला बांधाचा माथा आहे.

तिथे फोटोंत सतत दिसणारे लामा मात्र वन्य नव्हेत, ते माणसाने पाळलेले प्राणी. खरं रान भिंतींच्या पलीकडे सुरू होतं. भोवतालचं ३२,५९२ हेक्टरांचं अभयारण्य १९८१ साली राखीव झालं. डोळ्यांभोवती फिकट कडी असलेलं चष्मेवालं अस्वल, दक्षिण अमेरिकेतलं एकमेव अस्वल, तिथे राहतं आणि झाडांवर चढून अननसाच्या कुळातल्या ब्रोमेलियाडचे कोवळे गाभे सोलून खातं.

पण या जागेची सगळ्यांत विलक्षण गोष्ट एका कवटीची आहे. १९१२ साली अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम यांच्या मोहिमेने इथली थडगी उघडली. माणसांच्या हाडांबरोबर एका मोठ्या कृंतकाच्या कवट्याही निघाल्या. मोहिमेतले अस्थितज्ज्ञ जॉर्ज ईटन यांनी १९१६ मध्ये त्याला नवी जात म्हणून नाव दिलं. त्या लॅटिन नावात ‘अर्पण केलेला’ असा अर्थ आहे. जिवंत प्राणी कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे तो इंकांबरोबरच संपला असं धरलं गेलं.

मग १९९७ साली जवळच्याच विल्काबांबा डोंगररांगेत एका पायवाटेवर त्याच्यासारखाच एक प्राणी मरून पडलेला सापडला. नुकतीच एका मुंगुसासारख्या वीझलने त्याची शिकार केली होती. प्राणिशास्त्रज्ञ लुईझ एमन्स यांनी १९९९ मध्ये त्याच्यासाठी ‘कुस्कोमिस’ ही नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली आणि थडग्यातल्या कवटीलाही तिच्यातच जागा दिली. कवटीला आता एक भावंड मिळालं होतं, आणि ते अलीकडेपर्यंत जिवंत होतं.

२००९ साली माचू पिच्चूच्या अवशेषांजवळच एक जिवंत कुस्कोमिस दिसला. मऊ, दाट केसांचा, झाडांवर वावरणारा, बहुधा थडग्यातल्या त्या कवटीच्याच जातीचा. रोज हजारो माणसं ज्या दगडांवरून चालतात, त्यांच्या शेजारच्या धुक्याच्या जंगलात तो इतकी वर्षं राहत होता.