ब्राउझरची हिस्टरी, इन्कॉग्निटो आणि प्रायव्हसी: यामागची पार्श्वभूमी

हिस्टरी डिलीट केली की विषय संपला, असं अजूनही खूप लोकांना वाटतं. इन्कॉग्निटोची, म्हणजे क्रोमच्या प्रायव्हेट मोडची, काळी विंडो उघडली की आता आपल्याला कुणीच बघत नाही, असंही वाटतं. दोन्ही समज चुकीचे आहेत पण त्यात लोकांचा दोष नाही, कारण या सोयी कधी, कुणासाठी आणि कशापासून लपवायला बनवल्या हे कुणी नीट सांगितलेलंच नाही.

सुरुवात अगदी साधी होती. १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझर आला त्यात न बघितलेली लिंक निळी आणि बघून झालेली जांभळी दिसायची, म्हणजे तुम्ही कुठं कुठं जाऊन आलात याची यादी कॉम्प्युटरवर ठेवणं तेव्हापासूनच चालू आहे आणि ती ठेवली ती वापरणाऱ्याच्या सोयीसाठी. आजही क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की तारीखवार दिसते ती हीच यादी. क्रोम ती साधारण ९० दिवस ठेवतो. ही यादी तुमच्या मशीनवर असते, तुम्हाला दिसते, तुम्हाला पुसता येते. खरा प्रश्न दुसऱ्या यादीचा आहे.

ती दुसरी यादी सुरू झाली कुकीपासून. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकी बनवली, म्हणजे साईट तुमच्या मशीनवर ठेवते आणि पुढच्या वेळी वाचते ती छोटीशी नोंद, कारण एकदा पान लोड झालं की साईटला तुमची काही आठवणच राहायची नाही, आणि मग ऑनलाइन खरेदीची बास्केट चालणार कशी? तोपर्यंत ठीक होतं. पण एकाच जाहिरात कंपनीची जाहिरात शंभर साईटवर लागली की त्या शंभरही साईटवर तिची कुकी वाचली जाते, आणि तुम्ही कुठून कुठं गेलात ते तिच्याकडे जमा होतं. १९९७ मध्ये कुकीचं जे पहिलं अधिकृत स्टँडर्ड आलं त्यात अशा तिसऱ्याच पार्टीच्या, म्हणजे तुम्ही उघडलेली साईट सोडून दुसऱ्याच कुणाच्या, कुकी चालू देऊ नका, निदान आपणहून तरी नको, असं स्पष्ट म्हटलं होतं. नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर दोघांनीही ते पाळलं नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच, पुढच्या वीसपंचवीस वर्षांची जाहिरातबाजी त्यावर उभी राहिली.

आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि पुढची बरीच वर्षं बहुतेकांचं नेट म्हणजे सायबर कॅफे, नाहीतर घरात सगळ्यांचा मिळून एक पीसी. त्यामुळे आपली प्रायव्हसीची पहिली काळजी ही कंपनीची नव्हतीच, पुढच्या गिऱ्हाइकाची किंवा घरच्यांची होती. ॲड्रेस बारमध्ये एक अक्षर टाईप केलं की आधीच्या माणसाने बघितलेल्या साईट खाली यायच्या, म्हणून उठताना टूल्समध्ये जाऊन क्लिअर हिस्टरी करायची सवय लागली. ती सवय चांगलीच होती पण अपुरी, कारण इंटरनेट एक्सप्लोरर इंडेक्स डॉट डॅट नावाच्या फाइलींत पत्त्यांची नोंद ठेवायचा आणि हिस्टरी पुसली तरी त्यातलं बरंच काही मागे राहायचं. वर २०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियम काढले, ओळखपत्र बघा, कुठल्या साईट उघडल्या त्याचे लॉग किमान एक वर्ष ठेवा, क्युबिकलचं पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. म्हणजे गिऱ्हाइकाने पुसली ती ब्राउझरची हिस्टरी, कॅफेवाल्याकडची तशीच.

प्रायव्हेट मोड पहिल्यांदा आला तो २००५ मध्ये ॲपलच्या सफारीत. २००८ मध्ये क्रोम आला तो इन्कॉग्निटो घेऊनच, २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आणि फायरफॉक्सनेही ते दिलं. चारही ठिकाणी काम एकच, विंडो बंद केली की त्या वेळेची हिस्टरी आणि कुकी त्या मशीनवर ठेवायच्या नाहीत. बस. नेट देणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क, समोरची वेबसाईट, यांच्यापासून लपवायचं काम त्याला कधी दिलेलंच नव्हतं. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साईट आणि ब्राउझरमधली देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीमुळे, आता पानावरचा मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं, पण कुठल्या साईटवर गेलात ते नेट देणाऱ्याला बहुतेक वेळा कळतंच.

पण नावातच प्रायव्हेट म्हटल्यावर लोक काय समजणार? २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर दावा झाला की इन्कॉग्निटोत असतानाही कंपनी माहिती गोळा करते. २०२४ च्या एप्रिलमध्ये तडजोडीच्या अटी कोर्टात आल्या, अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गूगलने मान्य केलं आणि इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरची सूचनाही जास्त स्पष्ट केली. हे व्हायला पंधरा वर्षं लागली याचं मला खरंच वाईट वाटतं, ती सूचना पहिल्या दिवसापासून तशी लिहिता आली असती.

त्या जांभळ्या लिंकचीही पुढे वेगळीच गोष्ट झाली. साईट आपल्या पानावर लपवून शेकडो लिंक टाकायची आणि त्यातल्या कुठल्या जांभळ्या झाल्या ते स्क्रिप्टने तपासायची, म्हणजे तुमची हिस्टरी तुम्हाला न विचारता वाचायची. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सगळ्यात लोकप्रिय ५०,००० साईट तपासल्या तर ४६ साईट हे प्रत्यक्ष करताना सापडल्या. ब्राउझरवाल्यांनी मग साईटला लिंकचा खरा रंग सांगणं बंद केलं, पण आडवाटा उरल्याच आणि क्रोमने त्यावर मुळापासून उपाय आणला तो थेट २०२५ मध्ये.

आणि अवास्टचं प्रकरण तर फार जिव्हारी लागणारं, कारण ते अँटीव्हायरस म्हणून लोकांनी विश्वासाने घातलेलं होतं. त्यांच्या सॉफ्टवेअरमधून गोळा झालेली ब्राउझिंगची माहिती जंपशॉट नावाची त्यांचीच कंपनी विकत होती. पत्रकारांनी ते उघडं केल्यावर २०२० मध्ये जंपशॉट बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, २०२३ मध्ये डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण मधे २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना, म्हणजे तुमचं नेट आपल्या सर्व्हरमधून फिरवून तुम्ही कुठं जाता ते लपवणाऱ्यांना, ग्राहकांची नावं, पत्ते पाच वर्षं ठेवायला सांगितलं, त्यावर काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून नेले.

तेव्हा हिस्टरी बघायची असेल तर दोन जागी बघा, एक कंट्रोल एचवाली आणि दुसरी गूगल अकाउंटमधली माय ॲक्टिव्हिटी. साइन इन असताना वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी हे सेटिंग चालू असेल तर तुमचे सर्च तिथे जमा होतात. २०२० च्या जूनपासून नवीन अकाउंटला १८ महिन्यांनी आपोआप डिलीट व्हायचं सेटिंग दिलेलं असतं, त्याआधीच्या जुन्या अकाउंटला ते आपल्यालाच आत जाऊन चालू करावं लागतं.