तत्काळ तिकिटाचा पहिला अर्धा तास: आमच्या ग्राहकांसाठी

जुलै २०२५ पासून तत्काळ आरक्षण उघडल्यावर पहिली ३० मिनिटे आमच्यासारख्या अधिकृत एजंटला तिकीट काढता येत नाही. एसीसाठी सकाळी १० ते १०.३०, स्लीपर आणि बाकी बिगर-एसी वर्गांसाठी ११ ते ११.३०. गणपतीत कोकणच्या गाड्या त्याआधीच भरतात. म्हणून सणाचे तत्काळ स्वतःच्या आयआरसीटीसी खात्यावरूनच काढा, आणि खात्याची तयारी निदान महिनाभर आधी करा.

खात्याला आधार जोडलेले हवे. लॉगिन करून ‘माय अकाउंट’मध्ये ‘ऑथेंटिकेट युजर’ निवडा, आधार क्रमांक आणि ओटीपी भरा. अडते ते बहुतेक नावावर: आधारवर मधे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, खात्यात नसते. नाव, जन्मतारीख, लिंग तिन्ही जुळले पाहिजे. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो; जुने सिम बंद झाले असेल तर आधी आधार केंद्र गाठा.

तारखेचा घोळ सर्वांत महागात पडतो. तत्काळ एक दिवस आधी उघडते, पण तो दिवस गाडी जिथून सुटते तिथला धरतात. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास निघते आणि पनवेलला मध्यरात्रीनंतर पोचते. पनवेलला १२ तारखेला चढणार असाल, तर गाडी ११ ची आणि तत्काळ १० तारखेला उघडणार. ११ ला सकाळी बसलात तर एक दिवस उशीर झालेला असतो.

प्रवाशांची नावे खात्यातल्या ‘मास्टर लिस्ट’ या यादीत आधीच भरून ठेवा. एका तत्काळ तिकिटावर चारच जण बसतात. पैसे कापले गेले आणि तिकीट दिसले नाही, तर लगेच दुसरे काढू नका. आधी बुकिंग हिस्टरी पाहा. कन्फर्म तत्काळ रद्द केले तर परतावा मिळत नाही, त्यामुळे चुकून दोन निघाली की एकाचे पैसे गेलेच.

साडेदहा-साडेअकरानंतर आम्ही प्रयत्न करतो, मात्र तेव्हाही ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो. फोन हाताशी ठेवा.

साधे आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडते. १२ सप्टेंबरला सुटणाऱ्या गाडीचे १४ जुलैला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तिथेही सुरुवातीची वेळ आधार जोडलेल्या खात्यांसाठीच आहे.

‘माझ्या पर्सनल आयडीवरून काढून देतो, वरचे पैसे द्या’ असे कोणी म्हटले तर कृपया नकार द्या. तो रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खालचा गुन्हा आहे, आणि असे तिकीट पकडले गेले की रद्द होते.