इंग्लंडच्या तुरुंगात होलोकॉस्टवरची लेखन कार्यशाळा घ्यायची आहे? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

२७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत फौजांनी पोलंडमधली नाझींची आउश्वित्झ छळछावणी मुक्त केली. ब्रिटनमध्ये २००१ पासून हा दिवस होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मृतिदिन म्हणून पाळतात. इंग्लंड-वेल्समधल्या तुरुंगांतही त्या सुमारास वाचन, चर्चा, कवितालेखन असे कार्यक्रम होतात आणि बाहेरून शिकवायला येणारी माणसं त्यांना हवी असतात. तरीही अर्ज परत येतात, आणि ते बहुतेकदा कागदांपायी.

पहिली चूक वेळेची. दिवाळी आटोपली की लोकांना जानेवारी आठवतो. पार्श्वभूमीच्या पडताळणीला कित्येक आठवडे जातात, कधी काही महिनेही. जानेवारीत आत जायचं असेल तर पत्र इथल्या उन्हाळ्यातच गेलेलं बरं.

दुसरी चूक पत्त्याची. लंडनच्या न्याय मंत्रालयाला लिहून काहीही होत नाही. कुणाला आत घ्यायचं हे त्या त्या तुरुंगाचा गव्हर्नर ठरवतो. पत्र शिक्षण विभागाच्या प्रमुखांना किंवा चॅप्लिनना लिहा. चॅप्लिन म्हणजे फक्त चर्चचे पाद्री असं समजू नका. या विभागात मुस्लिम, ज्यू, हिंदू, शीख धर्मगुरूही असतात, आणि स्मृतिदिनाची जबाबदारी अनेक ठिकाणी यांच्याकडेच असते. शिक्षणाचं काम बऱ्याच तुरुंगांत बाहेरची कंत्राटी संस्था बघते. त्यामुळे गव्हर्नरचं कार्यालय शिक्षण विभागाकडे बोट दाखवणार, शिक्षण विभाग सुरक्षा विभागाकडे, आणि सुरक्षा विभाग उत्तरच देणार नाही. म्हणून एका माणसाचं नाव मिळवा आणि त्याचाच पिच्छा पुरवा.

पात्रता साधी आहे: वय १८ पूर्ण आणि व्हिसात बसणारं काम. विद्यार्थी व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण ठरलेल्या वेळेला यायचंच असा करार झाला तर ते 'विनावेतन काम' ठरतं आणि आठवड्याच्या तासांच्या मर्यादेत मोजलं जातं. सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेल्या निवृत्त शिक्षक आईवडिलांना हौस फार असते. अभ्यागत (व्हिजिटर) व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. पडताळणीलाच त्याहून जास्त वेळ लागतो, तेव्हा त्यांना या फंदात पाडू नका. पूर्वी कधी शिक्षा झाली असेल तर तेवढ्यावरून दार बंद होत नाही. लपवली तर मात्र होतं. नात्यातलं कुणी तुरुंगात असेल तर तेही आधीच सांगा.

एकदाच जाऊन तासभर बोलायचं असेल तर ओळखपत्र आणि सोबत एक कर्मचारी एवढ्यावर सहसा भागतं. दर आठवड्याला जायचं असेल तर खरी पडताळणी, आणि माणसं रखडतात ती इथेच.

डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी. तुरुंगातल्या कामासाठी लागणारी वरच्या पातळीची तपासणी स्वतः मागवता येत नाही. ती संस्थाच मागवते, आणि स्वयंसेवकाला शुल्क पडत नाही. यात गेल्या पाच वर्षांचे सगळे पत्ते लागतात, मध्ये एकही महिना रिकामा चालत नाही. बाळंतपणासाठी माहेरी नाशिकला राहिलात, लॉकडाउनमध्ये पुण्यात अडकलात, तर तेही पत्ते लिहा. पत्त्याच्या पुराव्याला मोबाइलचं बिल चालत नाही, हे लिहिलेलं असूनही दर वेळी कुणीतरी तेच जोडतं. वीज, गॅस किंवा बँकेचा कागद द्या, तोही गेल्या तीन महिन्यांतला.

मग नाव. आजवर वापरलेली सगळी नावं द्यावी लागतात. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं, बँकेत नवऱ्याचं, दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव तांदळातच राहिलं असेल तर प्रश्न नाही. पण ते रेशनकार्डावर किंवा एखाद्या जुन्या खात्यावर चढलं असेल तर तेही अर्जात आलंच पाहिजे. इथल्या कारकुनाला ही प्रथा ठाऊक नसते. त्याला दिसते ती न सांगितलेली दुसरी ओळख. लग्नाच्या दाखल्याची प्रत सोबत ठेवा.

भारतात राहून आलेल्यांकडून भारतातला पोलीस दाखलाही मागितला जाऊ शकतो. भारतीय पासपोर्ट असेल तर तो उच्चायोगामार्फत मिळवायचा. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर प्रक्रिया वेगळी असू शकते, आधी चौकशी करा. चौकशी गावच्या ठाण्याकडे गेली आणि पासपोर्टवरच्या पत्त्यावर आता कुलूप असेल तर कागद तिथेच लोळत पडतो. घरच्यांना फोन करून ठेवा.

डीबीएसचं प्रमाणपत्र टपालाने तुमच्याच घरी येतं, संस्थेकडे नाही. पुढे दर वेळी नवा अर्ज नको असेल तर अपडेट सेवेत नोंदणी करा. मुदत ३० दिवस, आणि ती प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून, पाकीट हातात पडल्यापासून नव्हे. आणि एवढं करूनही ही तुरुंगाची मंजुरी नाही, ती वेगळी. एका तुरुंगाची मंजुरी दुसऱ्यात आपोआप चालेल असंही धरून चालू नका.

दारावर काय घेऊन जाता यावर १९५२ चा तुरुंग कायदा लागतो. फोन, कॅमेरा, ध्वनिमुद्रक परवानगीविना आत नेणं हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. मनगटावरचं स्मार्ट घड्याळही गाडीतच ठेवा. पुस्तकं आणि कागदालाही परवानगी लागते. कागदाला अमली द्रव्य लावून आत धाडण्याचे प्रकार झाल्याने अनेक तुरुंगांत कैद्याला मूळ पत्र न देता झेरॉक्स देतात. तुमचे मजकूर ईमेलने आधी पाठवा आणि आतच छापून घ्या.

परत येतानाचा नियम तर बहुतेकांना माहीतच नसतो. सत्र संपताना कुणीतरी कविता पुढे करतो, 'घेऊन जा, कुठे छापता आली तर बघा' म्हणतो. कैद्याच्या वतीने लिखाण परवानगीविना बाहेर नेणं हाही गुन्हा आहे. नको म्हणणं जिवावर येतं, पण ती कविता शिक्षण विभागाकडे द्यायला सांगा. कैद्यांच्या कलाकृतींसाठी १९६२ पासून कोस्लर पुरस्कार आहेत, त्यांच्या प्रवेशिका तुरुंगामार्फतच जातात.

सत्राचा आराखडाही सुरक्षा विभागाकडे जातो, आणि तिथे अर्ज अडला तर मी त्यांच्या बाजूने आहे. 'तुम्ही छावणीत आहात अशी कल्पना करून रोजनिशी लिहा' हा अभ्यास कुणीही देऊ नये. होलोकॉस्ट शिकवणारे अनुभवी लोक शाळेतही अशा सोंगांना विरोध करतात. इथे तर समोरच्या माणसालाही नंबर आहे आणि त्याचंही दार बाहेरून बंद होतं. 'आमचंही तसंच आहे' असं तो म्हणणारच. तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे: त्याला खटला मिळतो, वकील मिळतो, बहुतेकांना सुटकेची तारीखही असते. आउश्वित्झमध्ये ज्यांच्या हातावर नंबर गोंदले त्यांतले अनेक जण केवळ ज्यू असल्यामुळे, रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत) असल्यामुळे तिथे होते, आणि गाडीतून उतरताच गॅस चेंबरकडे पाठवलेल्यांना तर नंबरही मिळाला नाही. प्रेतांचे ढीग दाखवणारी चित्रं वगळा. एका माणसाची गोष्ट घ्या, आणि ती मोठ्याने वाचून दाखवा, कारण वर्गात धड वाचता न येणारे असतात आणि ते तसं सांगत नाहीत.

ज्यूद्वेषाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला कुणी वर्गात असेल का, हेही आराखड्यासोबतच विचारून ठेवा. नाव सांगणार नाहीत, पण सत्रात सोबत कोण थांबेल ते त्यावरून ठरतं.