मोरचुदाच्या फिक्या गाळातलं चुंबकत्व

पिंपळगाव बसवंतहून नाशिकला कॉलेजला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने घरून मोरचुदाची पुडी आणली होती. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेवर बोर्डो हे बुरशीनाशक मारण्यासाठी आणलेल्या पोत्यातली. 1 टक्का बोर्डोचं माप तिला तोंडपाठ: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. आम्हाला मात्र चुन्याऐवजी ऑक्झॅलिक आम्ल हवं होतं.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या निळ्याशार द्रावणात ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण ओतलं की लगेच फिका निळा गाळ बसू लागतो. हे कॉपर ऑक्झॅलेट. पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरश्या याच रसायनाच्या जोरावर तांब्याला दाद देत नाहीत: स्वतःच ऑक्झॅलिक आम्ल सोडतात आणि तांब्याचा असाच गाळ करून टाकतात. (हे आम्ल विषारी आहे. स्वयंपाकघरात हा प्रयोग करू नका.)

गाळ धुतला, वाळवला आणि गॉय तराजूवर नेला. या तराजूत पुडीने भरलेली काचनळी विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगतात. चुंबक चालू केल्यावर वजनात जो फरक पडतो, त्यावरून पदार्थाचं चुंबकत्व काढता येतं. तांब्याच्या प्रत्येक आयनावर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो आणि तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. मोरचुदाचा आकडा 1.9 बोर मॅग्नेटॉनच्या (अणूंचं चुंबकत्व मोजायच्या एककाच्या) आसपास आला, म्हणजे पुस्तकात आहे तसा. ऑक्झॅलेटचा त्याहून बराच कमी. पूड ओली राहिली असेल म्हणून तिने पुन्हा वाळवली. आकडा हलला नाही.

"मॅडम, तांबं तर तेच आहे ना?"

तांबं तेच, पण शेजार बदलला होता. मला रसायनशास्त्रातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

ऑक्झॅलेटमध्ये दोन कार्बन आणि चार ऑक्सिजन असतात. दोन ऑक्सिजन अलीकडच्या धातूला धरतात, दोन पलीकडच्या. होळकर पुलाने पंचवटी आणि जुनं नाशिक जोडावं, तसे दोन धातू जोडले जातात. त्यांच्यातलं अंतर साधारण 5 ते 5.5 अँगस्ट्रॉम. एका मीटरचे 10 अब्ज भाग केले तर त्यातला एक म्हणजे अँगस्ट्रॉम. कॉपर ऑक्झॅलेटमध्ये तांबं, पूल, तांबं, पूल अशी साखळीच तयार होते. तांब्याचा एकटा इलेक्ट्रॉन ज्या कक्षकात, म्हणजे अणूभोवतीच्या ज्या जागेत, असतो, त्याच्या पाकळ्या थेट पुलाच्या ऑक्सिजनकडे रोखलेल्या असतात. पलीकडच्या तांब्याच्याही तशाच. त्यामुळे दोन्ही कक्षक पुलावर एकमेकांत मिसळतात, आणि एकाच जागेत यायचं तर दोन इलेक्ट्रॉनांच्या फिरकी (स्पिन) उलट दिशेच्या असाव्या लागतात. एकाचं चुंबकत्व दुसरा पुसतो. ही पकड इतकी घट्ट आहे की खोलीतल्या उष्णतेलाही ती पुरती मोडता येत नाही. तराजूने तेच सांगितलं होतं.

मग पाकळ्यांची दिशा बदलली तर? क्रोमियमवर तीन एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्या पाकळ्या ऑक्सिजनकडे नव्हे, दोन ऑक्सिजनांच्या मधल्या मोकळ्या जागेत वळलेल्या असतात. पुलाच्या एका टोकाला क्रोमियम आणि दुसऱ्या टोकाला निकेल ठेवलं तर कक्षक मिसळत नाहीत, आणि अशा वेळी फिरकी एकाच दिशेने वळणं इलेक्ट्रॉनांना सोयीचं पडतं. 1992 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञांनी हेच साधलं. प्रत्येक धातूला तीन ऑक्झॅलेट जोडून त्यांनी मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी बांधली आणि जाळ्यांच्या थरांमध्ये मोठे सेंद्रिय आयन बसवले. हे स्फटिक खरोखरचे लोहचुंबक ठरले, पण कडाक्याच्या थंडीत: मँगनीज असेल तर 6 केल्विनखाली, निकेल असेल तर 14 केल्विनखाली, म्हणजे उणे 259 अंश सेल्सिअसखाली. 2000 मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या गटाने अशाच थरांमध्ये वीज वाहून नेणारे सेंद्रिय रेणू बसवले. एकच स्फटिक, एका थरात चुंबक आणि लगतच्या थरात धातूसारखा वाहक!

आमचा तराजू खोलीच्या तापमानालाच चालतो, त्यामुळे ही जाळी आमच्या आवाक्याबाहेरची. पण साखळी आम्ही अजून वाढवतो आहोत, या खेपेला लोखंडाची. हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, घाईने आम्लात ओतली तर नुसती पिवळी पूड पडते. म्हणून परीक्षानळीत सोडियम सिलिकेटची जेल लावली, ऑक्झॅलिक आम्ल तिच्यातच मिसळलं आणि वरून हिराकशीचं द्रावण सोडलं. जेलमधून आयन सावकाश झिरपतात, म्हणून दाण्यांना वाढायला वेळ मिळतो. हाच पदार्थ, म्हणजे लोखंडाचं ऑक्झॅलेट, निसर्गात खनिज म्हणून सापडतो. 1821 मध्ये त्याला अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांच्यावरून हम्बोल्टाइन हे नाव दिलं गेलं.

पिंपळगावची मुलगी रोज बस पकडण्याआधी भिंग घेऊन ती नळी बघून जाते. काल तिला जेलमध्ये बोटभर खोलीवर पहिले पिवळे दाणे दिसले.