‘ट्रायकोमोनास’ची तपासणी: स्वॅब घरून आणू नका, स्वतः या

अंगावरून पिवळट-हिरवट, फेसाळ, वास येणारे पाणी जाते, खाज सुटते, लघवीला जळजळते, म्हणून डॉक्टर ‘ट्रायकोमोनास’ तपासून घ्यायला सांगतात. बऱ्याच ताई मग दुसरीकडे काढलेला स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेला स्रावाचा नमुना) बर्फाच्या पिशवीत ठेवून घरच्या कुणाच्या तरी हाती आमच्या लॅबमध्ये पाठवतात. तो आम्ही घेत नाही. यावरून काउंटरवर वारंवार नाराजी होते, म्हणून कारण इथे सांगतो.

ट्रायकोमोनास हा शरीरसंबंधातून पसरणारा एकपेशीय परजीवी. स्वॅब सलाइनच्या थेंबात घोळवून लगेच मायक्रोस्कोपखाली धरला, तर हा परजीवी झटके देत, डगमगत पळताना दिसतो. त्याला ओळखायचे ते या चालीवरूनच. स्वॅब गार झाला किंवा वेळ गेला की परजीवी थांबतो, गोल होतो आणि शेजारच्या पस सेलसारखाच (पूमधल्या पेशीसारखाच) दिसू लागतो. आकारही साधारण तेवढाच. मग अनुभवी डोळ्यालाही तो वेगळा काढता येत नाही. म्हणून स्वॅब काढल्यावर १० मिनिटांत पाहिलेला उत्तम, तासाभराने त्याचा भरवसा उरत नाही. सिन्नरहून निघून नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीतून येणारा स्वॅब या वेळेत बसणे कठीणच. तसल्या स्वॅबवर ‘आढळला नाही’ लिहून पैसे घेणे आम्हाला जमणार नाही. तो कागद बघून उपचार थांबतात आणि दुखणे तुमच्यापाशीच राहते.

शुगर-थायरॉइडच्या रक्तासाठी आमची माणसे घरी येतात, या तपासणीसाठी मात्र तुम्हीच या. आमच्या महिला टेक्निशियन आतल्या खोलीत स्वॅब घेतात, मायक्रोस्कोप त्याच खोलीत आहे. बाहेर नावाने हाक मारत नाही, टोकन देतो. रिपोर्ट बंद पाकिटात फक्त तुमच्या हातात.

आदल्या दिवसापासून आतून धुणे, क्रीम किंवा आत ठेवायची गोळी आणि संबंध टाळा. पाळी संपल्यावर या. मेडिकलमधून स्वतःच मेट्रोनिडॅझोल (या लागणीवरचे औषध) घेऊन मग तपासायला येऊ नका. दोन-चार गोळ्यांनीही चित्र बदलते.

ताज्या स्वॅबलाही मर्यादा आहे, हे लपवत नाही. लागण असलेल्या १०० जणींपैकी साधारण ४४ ते ६८ जणींचीच या पद्धतीने सापडते. त्रास असूनही रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर डॉक्टरांना पीसीआरबद्दल, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. त्याला जिवंत परजीवी लागत नाही, त्यामुळे लांबच्या ताईंसाठी तीच सोय बरी. त्याची खास नळी आमच्याकडून आधी घेऊन जा. खर्च जास्त आहे आणि रिपोर्टला वेळ लागतो, पण नजरचूक फार कमी. नेहमीच्या ‘स्वॅब कल्चर’मध्ये (स्वॅबमधले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याच्या तपासणीत) मात्र हा परजीवी वाढत नाही, त्यामुळे ते निगेटिव्ह आले म्हणून निश्चिंत होऊ नका.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पहिला प्रश्न येतो, ‘हे कुणाकडून आले?’ रिपोर्टवरून ते सांगता येत नाही. ही लागण काहीही त्रास न देता कित्येक महिने अंगात राहू शकते, पुरुषांना तर बहुतेकदा काही जाणवतच नाही. म्हणून संशयाने घरात भांडणे काढू नका, नवऱ्यालाही डॉक्टरांकडे न्या. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे आणि कोर्स संपून त्रास थांबेपर्यंत संबंध टाळावेत, नाहीतर लागण परत होते. तीन महिन्यांच्या आत पुन्हा एकदा तपासून घ्या. येताना जुना रिपोर्ट सोबत आणा.